तुम्ही विचारलंत म्हणून: नवऱ्याची पॉशची क्विझ

सेशन संपलं की चहाला जाताना कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "मॅडम, ते ऑनलाइन पॉश ट्रेनिंग असतं ना, यांचं मीच करून देते, त्यात काही प्रॉब्लेम नाही ना?" आणि मी काही बोलायच्या आत पुढचा प्रश्न, "तुमच्या मिस्टरांचं कोण करतं?" पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखणारा कायदा. अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या काही कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर मी बाहेरची सदस्य आहे, एक्स्टर्नल मेंबर म्हणतात ते, आणि ट्रेनिंगही घेते, त्यामुळे माझ्या घरात काय चालतं याची लोकांना भारी उत्सुकता. इतक्या वेळा विचारून झालंय की आता एकदा लिहूनच टाकते.

तर हो, माझ्याही नवऱ्याने मला सांगितलं होतं, देऊन टाक म्हणून. तो हिंजवडीला आयटीत आहे. क्वार्टर एंड, रात्रीचे क्लायंट कॉल, आणि एचआरचं रिमाइंडर आलेलं ज्यात आता मॅनेजरलाही सीसी. लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "अगं तुला तर सगळं पाठच आहे, दहा मिनिटांत उडवशील, तोवर मी कॉल संपवतो." मी नाही म्हटलं. सासूबाई शेजारी मेथी निवडत होत्या, त्या म्हणाल्या, "दे की करून, किती वेळ लागतो, दमलाय तो." नवराबायकोत हीच पंचाईत असते. लाइट बिल भर, त्याच्या मावशीला वाढदिवसाचा फोन कर, आयटीआरचा ओटीपी टाक, त्याच रांगेत हेही येऊन उभं राहतं, आणि नाही म्हणणारी आखडू ठरते.

ज्यांनी हे मॉड्यूल कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कार्टूनमधलं एक ऑफिस असतं, एक पुरुष कलीग काहीतरी बोलतो, बाईचा चेहरा पडतो, मग मागून आवाज येतो. आवाज संपेपर्यंत पुढे जायचं बटण दाबता येत नाही म्हणून लोक म्यूट करून दुसऱ्या टॅबमध्ये काम करत बसतात. शेवटी क्विझ, ऐंशी टक्के हवेत, पडलात तर परत द्या, हवं तितक्या वेळा. मग नाव आणि तारीख घातलेलं सर्टिफिकेट. घराघरात बायका हे करतात, नुसतं पॉश नाही, इन्फोसेक म्हणजे माहितीची सुरक्षा, डेटा प्रायव्हसी सगळंच. पासवर्ड कोणालाही सांगू नका हे शिकवणारं मॉड्यूल नवऱ्याचा पासवर्ड टाकून बायको पूर्ण करते आणि यातला विनोद दोघांनाही दिसत नाही. आता खरं सांगायचं तर इन्फोसेकसाठी मी घरात भांडले नसते.

पॉशसाठी भांडले कारण हा कायदा कुठून आला ते मला दर सेशनला सांगावं लागतं. भंवरीदेवी राजस्थानात सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथीन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करायच्या, एक बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या कोर्टात आरोपी त्या गुन्ह्यातून सुटले. या घटनेवरून काही संघटना आणि कार्यकर्ते सुप्रीम कोर्टात गेले, त्यातून कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धची १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि त्यांचा कायदा व्हायला २०१३ उजाडलं. म्हणजे सोसलं बाईने, कोर्टात बायका गेल्या, समितीत निम्म्या तरी बायकाच हव्यात आणि अध्यक्षही बाईच हवी असं कायदाच सांगतो, तक्रार बाईने लिहायची, पुरावे तिने गोळा करायचे. या सगळ्या खटाटोपात सर्वसाधारण पुरुष कर्मचाऱ्याच्या वाट्याला काय आलं, तर वर्षातून एकदा पाऊण तास काहीतरी वाचायचं. तेवढंही त्याने बायकोकडेच सरकवायचं म्हणजे कमाल झाली, मला तरी ते पचलं नाही.

नवरा म्हणाला, "अगं पण मी कोणाला त्रास देणारा आहे का?" नाहीये, माहितीये मला. मग म्हटलं ठीक आहे, तूच सांग, ऑफिसातल्या मुलीला तू काही बोललास, तुझा हेतू अजिबात वाईट नव्हता, तर तो छळ होतो का? म्हणाला, हेतू नसेल तर कसा होईल. क्विझमध्ये इथेच बहुतेक जण आपटतात. कायद्यातल्या व्याख्येत तुमच्या हेतूबद्दल अवाक्षर नाही, ते वागणं लैंगिक स्वरूपाचं आणि समोरच्या बाईला नकोसं आहे का, एवढंच आहे, आणि त्यात शेरे, अश्लील काही दाखवणं, हातवारे, सगळं येतं. पुढचा प्रश्न, लोणावळ्याच्या ऑफसाइटला किंवा कंपनीच्या कॅबमध्ये काही झालं तर? म्हणाला, ते ऑफिसबाहेर. तेही चूक, कामानिमित्त जिथे जाल ते सगळं कामाचं ठिकाण, कंपनीने दिलेल्या गाडीसकट. मग पैसे देऊन आपसात मिटवता येतं का? इथे मात्र त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, येत असेल. समेट होऊ शकतो, पण चौकशी सुरू व्हायच्या आधी, आणि तोही तिने स्वतःहून मागितला तरच, आणि पैशाच्या देवाणघेवाणीवर तर नाहीच. कॉलवर तोवर तिकडे कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

त्याचा एक प्रश्न मात्र मला पटला. म्हणाला, ही क्विझ पास झालेली माणसं नीट वागतात का? नाही, काही संबंध नाही. शंभर टक्के मिळवणारे महाभागही समितीसमोर येऊन बसतात. (कोण, कुठले, ते विचारू नका, कलम १६ आहे, गोपनीयता.) पण त्या सर्टिफिकेटचा उपयोग तिथे होतो. उद्या तक्रार झाली आणि "मला माहीतच नव्हतं हो हे" असं कोणी म्हणालं तर ट्रेनिंगचं रेकॉर्ड समोर येऊ शकतं, वाचलं आणि समजलं यावर टिक केलेलं, नाव आणि तारखेसकट. मग त्या माणसाने काय सांगायचं, माहीत होतं म्हणायचं की ते माझ्या बायकोने क्लिक केलं म्हणायचं? सेशनमध्ये हे सांगितलं की पुरुषांच्या बाजूला पहिल्यांदा जरा शांतता होते.

आता माझ्या म्हणण्याच्या अगदी विरुद्ध जाणारी गोष्टही सांगते, नाहीतर अर्धवट होईल. एका बाईंनी मला सांगितलेलं, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. त्या दरवर्षी नवऱ्याचं मॉड्यूल करायच्या. स्वतः सहा-सात माणसांच्या ऑफिसात, तिथे कसली समिती आणि कसलं ट्रेनिंग. त्यांना वाटायचं हा कायदा मोठ्या कंपन्यांचाच. नवऱ्याच्या स्लाइडवर त्यांनी वाचलं की दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, आणि तक्रारीला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते, कारण पटलं तर आणखी तीन. त्या गेल्या. त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी गप्पच बसले. ज्या बाईला त्या माहितीची गरज होती तिच्यापर्यंत ती पोचली, पण फक्त नवऱ्याचा आळस होता म्हणून. त्यांच्या नवऱ्याला यातलं अजूनही काही माहीत नाही, हेही त्यांनीच सांगितलं, हसत हसत.

कंपन्यांनाही मोकळं सोडू नये यात. कायद्याने त्यांना ठरावीक काळाने कार्यशाळा घ्यायला सांगितलंय, आणि त्या घेतात काय तर परदेशी उच्चारातलं तेच ते कार्टून, दरवर्षी, चाकणच्या शॉपफ्लोअरवर जिथे मुली मराठी-हिंदी बोलतात तिथेही तेच. समिती धड शिकलेली नसली की काय होतं ते गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात दिसलंय, विद्यार्थिनींनी तिथल्या एका प्राध्यापकाविरुद्ध छळाच्या तक्रारी केल्या होत्या. चौकशी इतकी घाईत उरकलेली की मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कारवाईच रद्द केली, प्रकरण परत चौकशीला पाठवलं, आणि देशभरात या कायद्याची अंमलबजावणी किती ढिसाळ आहे त्यावर खडे बोल सुनावले. म्हणजे तक्रार करणाऱ्या मुलींना इतक्या वर्षांनी पुन्हा चौकशी. शिकण्यात टाळाटाळ फक्त नवरेच करतात असं नाही.

तर चालतं का, याला माझं उत्तर नाही असंच आहे, पण नुसतं नाही म्हणून उपयोग नसतो, रुसवे होतात, आमच्याकडेही झाले. मी आता बायकांना सांगते की क्लिक करू नका, शेजारी बसा हवं तर, आणि त्याला एकच विचारा, तुझ्या ऑफिसच्या समितीवर कोण कोण आहे? ती नावं ऑफिसात दिसेल अशा जागी लावायची असतात. माझ्या नवऱ्याला एकही नाव सांगता आलं नव्हतं, इतकी वर्षं तिथे आहे. क्विझ त्याने दिली, पहिल्या फटक्यात आपटला, परत दिली. आणि मग दुसऱ्या दिवशी चिडून तो बोर्ड शोधायला गेला. पँट्रीच्या दारामागे लावलेला होता, दार उघडं असलं की झाकला जायचा, आणि दार कायम उघडंच. एचआरला त्याने मेल टाकला, बोर्ड हलवा म्हणून, आणि मॅनेजरला सीसीत ठेवलं.