पाचपैकी चार

गेल्या गुरुवारी इथे जर्मनीत आमच्या कारखान्यात मशीनं थांबवून सगळ्यांना हॉल नंबर 2 मध्ये बोलावलं. संप नव्हता, शोकसभा नव्हती, आगीची ड्रिलही नव्हती. बेट्रीब्सफरझामलुंग होती. म्हणजे कामगारांची सभा. जर्मन कायद्याप्रमाणे ती दर तीन महिन्यांनी घ्यायची, कामाच्या वेळेत, पगार चालू ठेवून. बोलावते बेट्रीब्सराट, म्हणजे कामगारांनी दर चार वर्षांनी निवडून दिलेली समिती. साहेब लोक तिथे पाहुणे. अशा बऱ्याच सभांना मी बसले आहे आणि बहुतेकींत संध्याकाळी काय रांधायचं याचा विचार केला आहे.

या वेळी पडद्यावर कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणाचे निकाल होते. तीसेक प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, नाव लिहायचं नाही. 'पुन्हा नोकरी शोधायची वेळ आली तर हीच कंपनी निवडाल का?' या प्रश्नावर निम्म्याहून जास्त लोकांनी 'नाही' किंवा 'सांगता येत नाही' असं म्हटलं होतं. मला वाटलं, चुकून लागली ही स्लाइड, आता घाईघाईने पुढची लावतील. कसलं काय! मोठ्या साहेबांनी स्वतः ती सगळी वाचून दाखवली.

मग मागच्या बाकावरून टर्निंगचा, म्हणजे लेथवरचा, एक म्हातारा उठला. वर्षभराने रिटायर होणार आहे. म्हणाला, "हॉल 3 मध्ये पंखे लावणार असं तुम्ही मागच्या उन्हाळ्यात सांगितलं. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातही सांगितलं. दोन्ही वेळा मी इथेच बसलो होतो." साहेबांनी वहीत लिहून घेतलं. म्हातारा खाली बसला, खिशातून सफरचंद काढलं, बाहीला पुसलं आणि कचकन चावा घेतला.

मी मान वळवून बघितलं, कोण कोण त्याच्याकडे बघतंय ते. कुणीच बघत नव्हतं. इतक्या माणसांत मान वळवणारी मी एकटी.

आणि मी त्या फॉर्मात काय भरलं होतं? सगळीकडे 4. तीसच्या तीस प्रश्नांना पाचपैकी चार. पाच दिले तर खोटं वाटेल, तीन दिले तर 'ही कोण' म्हणून शोधत येतील. हा हिशोब मी डोक्याने केलाच नाही, बोटांनी आपोआप केला. बोटं रबाळ्याची आहेत ना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इथे येण्याआधी नऊ वर्षं मी नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत एका व्हॉल्व्हच्या कंपनीत क्वालिटीला होते. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने एक स्टेशन. त्या कंपनीत टाइम ऑफिसच्या बाहेर एक सूचनापेटी होती. लाकडी, वर काच, छोटं पितळी कुलूप. किल्ली एचआरच्या साहेबांकडे आणि पेटीसमोर सीसीटीव्ही. आता अशा पेटीत चिठ्ठी टाकायला माणूस केवढा शूर हवा! एकदा आयएसओ ऑडिटच्या आदल्या दिवशी ती उघडली तेव्हा मी तिथेच उभी होते. आत निघाल्या गुटख्याच्या तीन पुड्या, कॅन्टीनची दोन कुपनं आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'डाळीत डाळ टाकावी.' साहेब हसले, आम्हीही हसलो. मग ऑडिटरला दाखवायला म्हणून आम्हा चौघांना बसवून सहा सूचना लिहून घेतल्या. माझी होती 'शॉप फ्लोअरवर झाडांच्या कुंड्या ठेवाव्यात.' कुंड्या खरंच आल्या हो! पुढची दोन वर्षं फोर्कलिफ्टवाला आमच्या नावाने शिव्या घालत होता.

म्हणजे आमच्या लोकांना मत नव्हतं असं कुणी समजू नये. गेटबाहेरच्या टपरीवर फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर दहा मिनिटं उभं राहिलं की कंपनीची अख्खी कुंडली कळायची. कुणाचं इन्क्रिमेंट कापलं, ठेकेदाराने पीएफ भरला की नाही, महिनाअखेरच्या डिस्पॅचला रात्रभर थांबलेल्या पोरांना काय मिळालं. आमच्या स्टोअरच्या काकांनी कटिंगच्या ग्लासवर जे विश्लेषण केलं, तसं एखाद्या सल्लागाराकडून घ्यायचं तर लाखो रुपये मोजावे लागतील. फक्त ते गेटच्या आत कधी गेलं नाही.

नेहमीच असं नव्हतं. बाबा कळव्याच्या एका कंपनीत फिटर होते. त्यांच्याकडे डॉक्टरांची युनियन. आमच्या पट्ट्यात नुसतं 'डॉक्टर' म्हटलं की कामगार पुढारी दत्ता सामंतच. 1982 चा संप गिरण्यांचा म्हणून सगळ्यांना आठवतो, पण ठाणे-बेलापूर रोडवरच्या इंजिनिअरिंग कंपन्यांतही त्यांचं नाव चालायचं. गेट मीटिंगला बाबा तंबाखू मळत उभे राहायचे. बोलायचा लीडर, हे ऐकायचे. पण आपल्या वतीने कुणीतरी साहेबाच्या तोंडावर बोलतंय हे तर होतं! हे मी इथल्या लोकांना मुद्दाम सांगते, कारण त्यांना वाटतं बेट्रीब्सराट म्हणजे यांनीच लावलेला शोध. 1997 च्या जानेवारीत डॉक्टरांचा खून झाला, पुढे काही वर्षांत बाबांनी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली. आणि हो, एवढं सगळं होऊन आजही बाबा त्या कंपनीला 'आमची कंपनी'च म्हणतात. तिचा एक शब्द वाईट ऐकून घेत नाहीत. ती जागा आता टॉवरवाल्यांची आहे.

धाकटा भाऊ महापेला आहे. सहा वर्षं ठेकेदाराकडे, त्याच मशीनवर, त्याच शिफ्टला. बाजूचा परमनंट माणूस तेच काम जवळजवळ दुप्पट पगारात करतो. पण त्याची खरी तक्रार भलतीच आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचा पगार वाढून 21,000 च्या वर गेला. 2017 पासून ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, पगाराची मर्यादा तिथेच अडकली होती. पगार वाढला, त्या सहामाहीच्या शेवटी ईएसआय गेलं आणि आईची शुगर-बीपीची औषधं वाशीच्या ईएसआय हॉस्पिटलातून बाहेरच्या मेडिकलवर आली. हातात वाढले अकराशे. औषधांना जातात त्याहून जास्त. तो ठेकेदाराकडे जाऊन म्हणाला, माझी वाढ परत घ्या. हा किस्सा मी इथे जेवणाच्या सुट्टीत सांगितला तर कुणाला कळेचना की यात विनोद कुठे आहे. इथे आजारी पडलं तर सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, त्यानंतर विमा कंपनी. मी फ्लूमध्ये तिसऱ्या दिवशी कामावर आले तर टीमलीडरने मला घरी पाठवलं, वर 'तू सगळ्यांना आजारी पाडशील' म्हणून झापलं.

2025 च्या सप्टेंबरमधली गोष्ट तर मी अजून कुणाला सांगितलेली नाही. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतले रोजचे कमाल तास 9 वरून 12 करायला मंजुरी दिली, ती बातमी इथेही एकाने वाचली. कॉफी मशीनपाशी त्याने विचारलं, "तुमच्याकडे आता 12 तास?" झालं, मी सुरू झाले. आठवड्याची मर्यादा 48 च आहे. ओव्हरटाइमला कामगाराची लेखी संमती लागते. आणि आमच्याकडे ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टपासून. तुम्ही देता पंचवीस टक्के जास्त, सांगता कुणाला! तो बिचारा गप्प झाला. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी ट्रेनमध्ये कळलं की मी अगदी एचआरच्या आवाजात बोलले होते. दुप्पट दर कुणाला मिळाला मी कधी पाहिला? आमच्याकडे कंत्राटी पोरांना सिंगल दराने मिळायचा, रोख, पाकिटात, सही वेगळ्याच वहीवर. लेखी संमती म्हणाल तर जॉइनिंगच्या दिवशी ज्या पंधरा कागदांवर सह्या घेतात त्यातला तो सोळावा. तरीही त्या जर्मनापुढे मी हे बोलणार नाही. आपल्या घरातलं आपण बोलावं, पाहुण्याने नाही.

आता म्हणाल, मग एवढं चांगलं आहे तर कुरकुर कसली? इथे 35 तासांचा आठवडा, 30 दिवस रजा. मान्य. पण मागच्या वर्षी ऑर्डरी घटल्या तेव्हा आमचं डिपार्टमेंट तीन महिने कुर्त्सआर्बाइटवर होतं. म्हणजे काम कमी, आणि बुडालेल्या निव्वळ पगाराच्या 60 टक्के सरकारी खात्यातून, मूल असेल तर 67. नोकरी टिकली, पण त्या तीन महिन्यांत एकाचाही फोन आला नाही. साडेतीनला हातातला पाना ठेवला की इथल्या माणसाचा तुमच्याशी संबंध संपतो. रबाळ्याला असताना बाबांचं बायपास झालं तेव्हा स्टोअरच्या काकांनी दोन शिफ्टमधली पोरं गोळा करून रक्त द्यायला पाठवली होती. त्यातल्या एकाचा त्या दिवशीचा खाडा लागला, हे मला सहा महिन्यांनी कळलं. तेही त्याने नाही, टपरीवाल्याने सांगितलं. खंडेनवमीला आम्ही सीएमएम मशीनला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घालायचो, तेव्हा ते माप घेणारं यंत्रसुद्धा घरातलं वाटायचं. इथल्या मशीनवर नुसता कॅलिब्रेशनचा स्टिकर. त्यावर पुढची तारीख. (मी पहिल्या वर्षी चोरून कुंकवाचं बोट लावलं होतं. सफाईवाल्या बाईने पुसलं.)

तिथल्या प्रमोशनच्या यादीत दोनदा माझं नाव नव्हतं म्हणून मी आले, असं माझी एक मैत्रीण सगळ्यांना सांगत फिरते. तसं नाही. लेकीच्या शिक्षणासाठी आलो. यादी हेही एक कारण असेल, नाही असं नाही.

रविवारी भावाला फोनवर सभेची सगळी गोष्ट सांगितली, पंख्यांची, सफरचंदाची. तो म्हणाला, "ताई, आमच्याकडे पण झाला की सर्व्हे. क्यूआर कोड चिकटवलाय कॅन्टीनमध्ये. आधी एम्प्लॉयी नंबर टाकायचा, मग मत द्यायचं. सुपरवायझर बाजूला उभा, भर रे पटकन, लाइन थांबलीय. सगळ्यांनी पाच पाच दिले."

"मग खरं कुणी सांगितलंच नाही?"

"तिथे कोण सांगतंय! तुझ्याकडे तर नाव पण लिहायचं नव्हतं ना? तू किती दिलेस?"

मी सांगितलं. पलीकडे थोडा वेळ नुसता मशीनचा आवाज. रविवार असूनही तो कामावर होता. मग फोन कानापासून लांब धरून कुणाला तरी ओरडून सांगताना ऐकू आलं, "अरे, जर्मनीत चार देतात!"