साडेपाच तास पुढे

कॉलेजातून मिळालेला नवा लॅपटॉप घरी आणला, तर आईने आधी त्याच्या झाकणावर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. सांगलीसारख्या हळदीच्या गावात राहून एवढंही करायचं नाही म्हणजे काय, असा तिचा सवाल. रात्री त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली टाकली. घरचं वायफाय नेमकं बंद होतं, त्यामुळे मशीन जे जे विचारेल त्याला 'पुढे, पुढे' करत गेलो. सकाळी आठ वाजता उघडून बघतो तर कोपऱ्यातल्या घड्याळात रात्रीचे अडीच. 'आपोआप वेळ' बंद केली, हाताने आठ वाजवले आणि विश्रामबागेतून निघालो. ही एवढीशी गोष्ट पुढे दिवसभर मला आठवली नाही.

लॅबमधल्या पोराने दोन फायलींत दोन-चार ओळी बदलून लॅपटॉप कॉलेजच्या डिरेक्टरी सर्व्हरला, म्हणजे सगळ्यांची खाती सांभाळणाऱ्या संगणकाला, जोडून दिला. आता माझ्याच नावाने, माझ्याच पासवर्डने आत जायचं. टाकला पासवर्ड. 'पुन्हा प्रयत्न करा.' केला. पुन्हा तेच.

अशा वेळी माणूस पहिल्यांदा स्वतःवर संशय घेतो. कॅप्स लॉक बघितलं. मग जिथे युजरनेम टाकतात त्या रकान्यात पासवर्ड टाइप करून बघितला, कारण तिथे अक्षरं दिसतात. आणि दिसलं की ॲट दाबलं की दुहेरी अवतरणचिन्ह उमटतंय. रात्रीच्या 'पुढे, पुढे'त कीबोर्ड ब्रिटिश झाला होता. या दोन चिन्हांची जागा तिकडे उलटी असते. चोर सापडला म्हणून खूश झालो, कीबोर्ड बदलला, पासवर्ड टाकला. 'पुन्हा प्रयत्न करा.'

मग लक्षात आलं, लॅपटॉप माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आहे. सर्व्हरचं नाव फक्त कॉलेजच्या आतल्या नेटवर्कला ठाऊक. गणपती पेठेतल्या बोळाचा पत्ता पुण्याच्या रिक्षावाल्याला विचारण्यातला प्रकार. कॉलेजची वायर खुपसली. तरी नाहीच.

लॅपटॉपवर आधीचं एक स्थानिक खातं होतं, त्यातून आत शिरून 'आयडी' ही आज्ञा देऊन बघितली. सर्व्हरने माझं नाव, माझा क्रमांक, मी कुठकुठल्या गटात आहे ते सगळं घडाघडा सांगितलं. म्हणजे तो मला पुरता ओळखत होता, फक्त आत घेत नव्हता. ओळख नसलेला दारवान परवडला. कुंडली पाठ असलेला माणूस उंबऱ्यावर उभं ठेवतो तेव्हा फार लागतं.

शेवटी पोराला बोलावलं. त्याने पासवर्डची चौकशीच केली नाही. म्हणाला, "सर, लॅपटॉपवर किती वाजलेत?"

"पावणेबारा. भिंतीवर बघ, तिथेही पावणेबाराच."

त्याने एक आज्ञा टाइप केली. दोन ओळी आल्या. स्थानिक वेळ ११:४५. जागतिक वेळ ११:४५.

"सर, घड्याळ बरोबर हाय. टाइम चुकलाय."

मशीन समजत होतं की आपण ग्रीनिचच्या वेळेवर आहोत. तिथे तेव्हा सकाळचे सव्वासहा. मी काटे तेवढे सरकवले, गाव बदललं नाही. लॅपटॉप साडेपाच तास पुढे जगत होता आणि मला पत्ता नव्हता.

आमच्याकडे नाव-गावाची यादी एलडॅप नावाच्या व्यवस्थेत असते आणि पासवर्डची तपासणी कर्बेरॉस करतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात तो जन्मला. ग्रीक पुराणात पाताळाच्या दाराशी बसलेल्या तीन तोंडांच्या कुत्र्यावरून नाव ठेवलं. हा कुत्रा पासवर्ड वायरीवरून जाऊ देत नाही, तिकिटं देतो, आणि तिकीट मागणाऱ्याने चिठ्ठीवर जागतिक वेळ घालावी लागते. नाहीतर कुणी मधल्यामध्ये ती चिठ्ठी उतरवून घेईल आणि संध्याकाळी तीच दाखवून आत येईल. मिरज जंक्शनचं प्लॅटफॉर्म तिकीट दोन तासांनी रद्दी होतं, तसंच. फक्त इथे दोन्हीकडच्या घड्याळांत फरक चालतो तो सहसा पाच मिनिटांचा.

पाच मिनिटं! आमच्याकडे "पाच मिनिटांत आलोच" म्हणणारा माणूस अजून आंघोळीला गेलेला नसतो. खरं तर त्यात त्याचा तरी काय दोष? भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, आणि सांगली त्याच्या पश्चिमेला जवळजवळ आठ अंश. अंशाला चार मिनिटं धरली तर सरासरी बारा वाजून बत्तीस मिनिटांच्या सुमारास सूर्य आमच्या डोक्यावर येतो. जिथे सूर्यच अर्धा तास उशिरा पोचतो, तिथल्या माणसाला कुत्रा पाच मिनिटांवर अडवणार.

पोराने देश-गाव भारताचं केलं, आपोआप वेळ चालू केली. तोच पासवर्ड. आत.

"एवढंच होतं?" मी विचारलं.

"एवढंच असतंय सर," म्हणाला आणि चहाला गेला.

घरी आलो तर स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे. मी शाळेत असताना बस चुकू नये म्हणून पुढे केलेलं, ते तसंच. बाहेरचा माणूस फसेल. घरातलं प्रत्येक जण न बोलता दहा वजा करून वाचतं. दिवसभराच्या शहाणपणात मी स्टुलावर चढलो आणि काटे बरोबर केले.

दुसऱ्या दिवशी आईने सवयीने दहा मिनिटं वजा केली, कुकर उशिरा लागला आणि माझी नेहमीची बस गेली. संध्याकाळी बघतो तर घड्याळ पुन्हा दहा मिनिटं पुढे. आई कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला हात लावू नकोस. बरोबर चाललंय ते."