चर्चला ये म्हणणारा बहुतेक ओळखीचाच असतो
अमेरिकन ख्रिस्ती प्रचारक बिली ग्रॅहमच्या सभेत शेवटी लोकांना येशूला स्वीकारायला पुढे बोलवायचे आणि शेकडो जण उठून यायचे, ते फोटो बऱ्याच जणांनी पाहिलेत. पण त्यांना सभेला आणलं कोणी? बरेचदा मित्राने नाहीतर शेजाऱ्याने, कारण ग्रॅहमची टीम आधीच चर्चवाल्यांना सांगायची की ओळखीच्यांसाठी प्रार्थना करा आणि सोबत घेऊन या, त्याला नाव होतं ऑपरेशन अँड्र्यू. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात अंद्रिया (म्हणजेच अँड्र्यू) भावाला, शिमोनाला, येशूकडे नेतो ना, त्यावरून. तिथेच येशूचा दुसरा शिष्य फिलिप्प नथनेलला येशूबद्दल सांगतो, तो तर वादच घालत नाही, नथनेल म्हणतो येशूच्या गावातून, नासरेथातून, काय चांगलं येणार, फिलिप्प आपला "येऊन बघ" एवढंच. मला हेच पटतं. सभेत लगेच तिथल्या तिथे निर्णय घ्यायला लावणं मात्र घाईचं वाटतं, माणसाला प्रश्न विचारायला वेळ द्या की, आणि नाही म्हणाला तरी मैत्री तशीच राहू दे.