गुरुवारला विचारा

पुणे, सोमवार, २९ डिसेंबर २०२५

भिंतीवर अजून २०२५ चंच कॅलेंडर आहे, पण आयएसओ ८६०१ या तारखा-आठवडे मोजायच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या हिशोबाने २०२६ चा पहिला आठवडा आजपासून लागला. कोडमध्ये वर्ष एकीकडून आणि आठवडा दुसरीकडून घेऊन चिकटवला असेल, तर आजच्या नोंदी ‘२०२५, आठवडा १’ अशा होऊन थेट गेल्या जानेवारीत जाऊन बसणार. चाकणला आठवडावार डिस्पॅच शेड्यूलवर चालणाऱ्या कारखान्यात ही चूक एका दिवसाची नसते, अख्ख्या वर्षाची असते.

नियम एका ओळीचा आहे. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि त्यातला गुरुवार ज्या वर्षात पडतो, त्या वर्षाचा तो आठवडा. गुरुवार म्हणजे पुण्यात पाणी बंदचा वार, भोसरी एमआयडीसीत सुट्टीचा. इथे मात्र सगळा भार त्याच्यावरच.

सूत्र : वर्षातला कितवा दिवस, त्यातून वार वजा (सोमवार १, रविवार ७), अधिक १०, भागिले ७, अपूर्णांक सोडून द्यायचा. १५ ऑगस्ट २०२६ हा २२७ वा दिवस, वार शनिवार म्हणजे ६. २३१ भागिले ७, आठवडा ३३. आजची तारीख घातली की ३६३ − १ + १० = ३७२, उत्तर ५३. पण २०२५ ला ५२ च आठवडे आहेत, म्हणून तो पुढच्या वर्षाचा पहिला. उत्तर शून्य आलं तर मागच्या वर्षाचा शेवटचा. वर्षाला आठवडे किती, हे २८ डिसेंबरला विचारावं. ती तारीख कायम शेवटच्याच आठवड्यात असते.

पायथनमध्ये हे हाताने करूच नये. आयसोकॅलेंडर हे तयार फंक्शन वर्ष, आठवडा आणि वार तिन्ही एकदम देतं. पहिले दोन जोडीनेच साठवावेत. तारीख मजकुरात छापणाऱ्या स्ट्रफटाइममध्ये टक्का-व्हीबरोबर (आठवडा) टक्का-जी (आठवड्याचं वर्ष) हवा, टक्का-वाय (कॅलेंडरचं वर्ष) नाही. जावात याचाच उलटा घोळ : साध्या तारखेच्या साच्यात वाय कॅपिटल पडला की तो आठवड्याचं वर्ष देतो, आणि आजची तारीख २९ डिसेंबर २०२६ छापली जाते. असला बग अकरा महिने निवांत झोपलेला असतो.

एक्सेलचं आठवडा काढणारं वीकनम सांगितल्याशिवाय रविवारपासून मोजतं आणि १ जानेवारीचा आठवडा पहिला धरतं. २०२६ मध्ये त्याचा आणि आयसोवीकनमचा (आयएसओ आठवडा देणारं फंक्शन) आकडा सोमवार ते शनिवार जुळेल, रविवारी एकने पुढे जाईल. हिंजवडीच्या आयटी ऑफिसांत रविवारी कोण बघतंय? भोसरीत तो कामाचा वार, तिथे लगेच दिसेल.

जावास्क्रिप्टमध्ये वाराचा आकडा देणारं गेटडे रविवारला ० देतं. तो ७ केला नाही, तर गुरुवार शोधताना पुढच्या आठवड्यातला सापडतो. त्याहून चिवट भानगड वेळेची. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर आपल्याकडे सोमवारी रात्री बारा ते पहाटे साडेपाच तिकडे रविवारच असतो. रात्रपाळीच्या साडेपाच तासांचं उत्पादन मागच्या आठवड्याच्या खात्यावर! आधी वेळ भारतीय करावी, मग तारीख, मग आठवडा.

१ जानेवारी गुरुवारी आल्यामुळे २०२६ ला ५३ आठवडे आहेत. अधिक ज्येष्ठही त्याच वर्षी. २०१५ आणि २०२० लाही अधिक महिना आणि ५३ वा आठवडा एकत्र आले होते. निव्वळ योगायोग, कारण २०२३ ला अधिक श्रावण होता, आठवडे ५२ च. पण रिपोर्टच्या टेबलात ५२ च रकाने आखलेले असतील, तर पुढच्या २८ डिसेंबरच्या सोमवारपासूनचे आकडे कुठे जातील ते आत्ताच तपासावं. ते ३ जानेवारी २०२७ पर्यंत ‘२०२६, आठवडा ५३’ याच नावाने येत राहतील.