लिबरऑफिसचं डेबियन पॅकेज स्वतः बिल्ड करताना: डिपेंडन्सी कुठे अडवतात

फोंड्यातल्या एका वाचनालयात १२ संगणक आहेत, सगळे डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालतात. ८ डेबियन १३ वर, ४ अजून १२ वर. लोक तिथे अर्ज, पत्रकं, लग्नाची निमंत्रणं लिबरऑफिस या ऑफिस-संचातल्या रायटरमध्ये मराठीत टाइप करतात. त्यांच्यासाठी दोन बदल हवे होते. मेनूतले काही मराठी शब्द इथल्या बोलण्यात रुळलेले नाहीत, ते बदलायचे. आणि ‘ता.क.’, ‘कि.मी.’ अशी ठिपक्यांची लघुरूपं डबल-क्लिकवर एकच शब्द म्हणून निवडली जावीत. दोन्ही पॅच (कोडमधले बदल लिहिलेल्या फाइली) मिळून शंभर ओळीही नाहीत. सगळा वेळ गेला तो डिपेंडन्सीत, म्हणजे बिल्डला लागणाऱ्या इतर गोष्टी जुळवण्यात, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

एवढ्यासाठी अख्खं बिल्ड (सोर्स कोड कंपाइल करून पॅकेज बनवणं) कशाला, हा प्रश्न रास्त आहे. डायलॉगमधली वाक्यं एमओ फाइलींत, म्हणजे भाषांतराच्या पीओ मजकूर फाइलींच्या कंपाइल केलेल्या रूपात, असतात. तेवढीच बदलायची तर ‘एमएसजीएफएमटी’ने पीओची एमओ करून जागेवर ठेवली की काम होतं. मेनूंची नावं मात्र तिथे नसतात. ती ‘ऑफिससीएफजी’ मॉड्यूलमधून येतात आणि बिल्डच्या वेळी ‘एफसीएफजी-लँगपॅक-एमआर’ नावाच्या एक्ससीडी फाइलीत गुंफली जातात. शब्द कुठे तुटतो याचे नियम ‘आय१८एनपूल’ मॉड्यूलमधल्या ‘एडिट-वर्ड’ या मजकूर फाइलीत आहेत. ते कंपाइल होऊन थेट लायब्ररीच्या पोटात जातात. म्हणजे बिल्ड टळत नाही.

पहिला निर्णय घ्यायचा तो आतल्या आणि बाहेरच्या लायब्ररींचा. लिबरऑफिसला डझनावारी बाहेरच्या लायब्ररी लागतात: आयसीयू (शब्द कुठे तुटतो यासारखी युनिकोड मजकुराची कामं करणारी), हार्फबझ आणि ग्राफाइट (अक्षरांची जुळणी करणाऱ्या), हनस्पेल (शुद्धलेखन तपासणारी), बूस्ट, लिबवेबपी (वेबपी चित्रं वाचणारी), आणि बरंच काही. यातल्या बहुतेकांसाठी दोन वाटा आहेत. मूळ प्रकल्पाची वाट अशी की ‘डाउनलोड’ नावाच्या एलएसटी फाइलीत प्रत्येक टारबॉलचं (सोर्स कोडच्या गठ्ठ्याचं) नाव आणि शा-२५६ बेरीज (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) लिहिलेली असते. ‘मेक फेच’ ते टारबॉल उतरवतं आणि बेरीज जुळवतं. पुढे मुख्य बिल्ड प्रकल्पाचे स्वतःचे पॅच लावतं आणि लायब्ररी आतल्या आतच बनवतं. दुसरी वाट ‘विथ-सिस्टिम-लिब्स’ची: जे यंत्रावर बसवलंय तेच वापरायचं. डेबियन शक्य तिथे दुसरी वाट धरतं.

मी दुसरीच धरली. २०२३ च्या सप्टेंबरात लिबवेबपीमध्ये गंभीर भोक सापडलं, तेव्हा ती लायब्ररी पोटात घेऊन फिरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला आपापली नवी आवृत्ती काढावी लागली. लिबरऑफिसनेही ७.६.२ आणि ७.५.७ त्यासाठी घाईने काढल्या. सिस्टिमची लायब्ररी वापरणाऱ्या पॅकेजांना लिबवेबपीचं एक पॅकेज बदललं की पुरलं. वाचनालयातल्या यंत्रांवर आपोआप येणारी सुरक्षा अपडेट हाच एकमेव पहारा असेल, तर लायब्ररी पोटात दडवून ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शा-२५६ बेरजेबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. ती जुळली म्हणजे फाइल वाटेत बदललेली नाही, एवढंच सिद्ध होतं. २०२४ च्या मार्चमध्ये उघड झालेलं एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामचं प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्येच घातक एम४ फाइल (बिल्डच्या तयारीची स्क्रिप्ट) होती, कोडच्या गिट साठ्यात ती नव्हती, आणि ती डेब किंवा आरपीएम पॅकेज बिल्ड होत असतानाच जागी व्हायची. बेरीज अगदी बरोबर जुळत होती. म्हणून नवीन टारबॉल घेताना तो गिटच्या टॅगशी ताडून बघण्याचा कंटाळा करू नये.

सुरुवातीला एपीटीच्या (पॅकेजं उतरवून बसवणाऱ्या हत्याराच्या) सोर्स यादीत ‘डेब’च्या शेजारी ‘डेब-एसआरसी’ लिहायचं. मग ‘एपीटी सोर्स’ने सोर्स उतरतो आणि ‘एपीटी बिल्ड-डेप’ लागणारी पॅकेजं आणून बसवतं. लिबरऑफिसचा डेबियन सोर्स एका टारबॉलमध्ये येत नाही. मुख्य कोड, मदतीची पानं, भाषांतरं वेगवेगळी येतात, तेव्हा भाषांतराचा पॅच योग्य फोल्डरच्या मार्गाने लिहायचा. १२ आणि १३ ची लिबरऑफिस आवृत्ती वेगळी असल्याने पीओचा पॅच एकदा लिहून दोन्हीकडे चालत नाही. आजूबाजूच्या ओळी इतक्या बदललेल्या असतात की क्विल्ट (पॅच लावणारं हत्यार) नाकारतं. ओळ क्रमांकाच्या नादी न लागता एमएसजीसीटीएक्सटीवरून (पीओतल्या नोंदीचा संदर्भ सांगणाऱ्या ओळीवरून) नोंद शोधून पॅच नव्याने काढणं सोपं जातं.

इथे हमखास होणारी एक चूक म्हणजे पॅकेजं आणि त्यांच्या डिपेंडन्सी सांगणारी ‘डेबियन/कंट्रोल’ फाइल थेट बदलणं. या पॅकेजमध्ये ती फाइल ‘.इन’ शेवटाच्या साच्यांमधून तयार होते. बदल साच्यात करून ‘रूल्स’ या बिल्डच्या मेकफाइलीला ‘कंट्रोल’ हे टार्गेट द्यावं लागतं, नाहीतर आपण घातलेली बिल्ड-डिपेंडन्सी पुढच्या फेरीत गायब होते.

कॉन्फिगर (यंत्रावर काय काय आहे ते बिल्डआधी तपासणारी स्क्रिप्ट) अडलं की शेवटची ओळ बघून चालत नाही, ‘कॉन्फिग.लॉग’ उघडायचा. अमुक पॅकेज सापडलं नाही असं पीकेजी-कॉन्फिग म्हणतं तेव्हा ते पीसी फाइलीचं (लायब्ररी कुठे आहे ते सांगणाऱ्या छोट्या फाइलीचं) नाव असतं, डेबियन पॅकेजचं नव्हे. ‘आयसीयू-आय१८एन’ शोधत असेल तर ती फाइल ‘लिबआयसीयू-डेव्ह’मध्ये आहे. ‘एपीटी-फाइल सर्च’ला पीसी फाइलीचं पूर्ण नाव दिलं की पॅकेज कळतं. कधी पीसी फाइल डोळ्यांसमोर असते तरी नाही म्हणतं. तेव्हा त्या फाइलीतली ‘रिक्वायर्स.प्रायव्हेट’ ओळ वाचा: तिने मागितलेली दुसरीच एखादी पीसी फाइल नसते. आणखी एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. हार्फबझ सिस्टिमचं घेतलं तर ग्राफाइटही सिस्टिमचंच घ्यावं लागतं, एक आतलं आणि एक बाहेरचं चालत नाही. आयसीयू सिस्टिमचं घेतलं तर ‘जेनबीआरके’, ‘जेनसीसीओडीई’ आणि ‘जेनसीएमएन’ ही तीन हत्यारंही लागतात. ती ‘आयसीयू-डेव्हटूल्स’मध्ये मिळतात.

आयसीयूनेच मला दोन दिवस खाल्ले. ते नीट सांगतो, कारण डिपेंडन्सीच्या निम्म्या दुखण्यांचं मूळ तेच असतं.

माझ्या यंत्रावर डेबियन १३ आहे, त्यात आयसीयू ७६. पूर्वी कधीतरी आयसीयू ७४ सोर्समधून ‘/यूएसआर/लोकल’मध्ये बसवलेलं होतं. पीकेजी-कॉन्फिग ‘/यूएसआर/लोकल’ आधी बघतं. कॉन्फिगरने ७४ उचललं, ‘सिस्टिम आयसीयू: होय’ असं छापलं आणि पुढे गेलं. कंपाइल झालं, लिंक झालं, रायटर उघडला, शब्दही बरोबर निवडले गेले. शेवटी डेब तयार होताना डीपीकेजी-श्लिबडेप्स थांबलं: ‘/यूएसआर/लोकल/लिब’मधल्या ‘लिबआयसीयूयूसी.एसओ.७४’साठी डिपेंडन्सीची माहिती सापडत नाही.

हे हत्यार काय करतं ते समजलं की हा अडथळा उपकाराचा वाटतो. ते प्रत्येक बायनरीतल्या ‘नीडेड’ (लागणाऱ्या लायब्ररींच्या) नोंदी वाचतं आणि ती लायब्ररी कोणत्या पॅकेजची हे डीपीकेजीच्या, म्हणजे बसवलेल्या पॅकेजांच्या, नोंदवहीत शोधतं. मग ते नाव ‘श्लिब्स:डिपेंड्स’च्या जागी भरतं. ‘/यूएसआर/लोकल’मधली फाइल कुठल्याच पॅकेजची नाही, म्हणून उत्तर नाही. नेटवर यावर एक तोडगा सर्रास दिला जातो: माहिती नसल्यास दुर्लक्ष कर, असा पर्याय द्या. तो घेऊ नका. पॅकेज तयार होईल, वाचनालयात बसेलही, आणि तिथे ७४ नसल्यामुळे रायटर उघडणारच नाही. आयसीयूचं एसओ-नाव (लायब्ररी फाइलीचं आवृत्तीसकट नाव) दर मोठ्या आवृत्तीला बदलतं, आणि फंक्शनांच्या नावांनाही आवृत्तीचं शेपूट असतं, जसं ‘यूबीआरके-ओपन-७४’. त्यामुळे ७४ च्या नावाने ७६ ची लिंक करून भागत नाही.

पहिली दुरुस्ती मी अर्धवट केली: लायब्ररी आणि पीसी फाइली काढल्या, पण ‘/यूएसआर/लोकल/बिन’मधला जेनबीआरके तसाच राहिला, आणि पाथमध्ये (प्रोग्राम शोधण्याच्या यादीत) तोच आधी येतो. म्हणजे शब्द तोडण्याचे नियम ७४ च्या हत्याराने कंपाइल होणार आणि वाचणार ७६ ची लायब्ररी. त्या नियम-फाइलीचा आतला साचा आयसीयूच्या वाटचालीत अनेकदा बदललाय. तो जुळला नाही तर लायब्ररी फाइल नाकारते, आणि हे बिल्डमध्ये न दिसता थेट टाइप करणाऱ्यापुढे उभं राहतं. हत्यार आणि लायब्ररी एकाच पॅकेज-संचातली आहेत ना, हे आता मी प्रत्येक वेळी ‘कॉन्फिग-होस्ट’ फाइल उघडून डोळ्यांनी बघतो.

स्वतःच्या रोजच्या यंत्रावर शेवटचं बिल्ड करायचं नाही, हे इथे पक्कं झालं. त्यावर काय काय साठलंय याचा हिशेब आपल्यालाही नसतो. मी एसबिल्ड (वेगळ्या कोऱ्या सिस्टिममध्ये पॅकेज बनवणारं हत्यार) ‘अनशेअर’ पद्धतीने चालवतो. एमएमडेबस्ट्रॅपने १२ आणि १३ साठी कोऱ्या सिस्टिमचे दोन टारबॉल बनवून ठेवलेत. प्रत्येक बिल्ड कोऱ्या सिस्टिमपासून सुरू होतं आणि फक्त ‘बिल्ड-डिपेंड्स’मध्ये लिहिलेलंच तिथे बसतं. लिहायचं राहिलं तर लगेच फुटतं. अनशेअरमध्ये बिल्ड चालू असताना नेटही बंद असतं (जुन्या एस-क्रूट पद्धतीत ते आपोआप बंद होत नाही, हा फरक महत्त्वाचा). डेबियनच्या धोरणानुसार मुख्य संग्रहातल्या पॅकेजला बिल्डमध्ये नेट वापरता येत नाही. चोरून काही उतरवणारी मेकफाइल इथेच पकडली जाते.

कोऱ्या सिस्टिमचा तोटा एकच, शेकडो पॅकेजं दर वेळी उतरतात. एपीटी-कॅशर-एनजी घरातल्याच यंत्रावर ३१४२ पोर्टला बसवला की दुसऱ्या फेरीपासून सगळं घरातून मिळतं. पावसात नेट रखडतं तेव्हा याचं मोल कळतं.

मेमरीचा अंदाज चुकला तर बिल्ड मध्येच मरतं, आणि संदेश एवढाच येतो की ‘सीसी१प्लस’ (सी++ कंपायलर) मारला गेला. कोडमध्ये चूक शोधत बसू नका, आधी डीमेसेग (कर्नलच्या नोंदी) बघा. एका कंपाइल प्रक्रियेला मी २ जीबी धरतो, म्हणून ८ जीबीच्या यंत्रावर ‘पॅरलल’ ३. डिस्क निदान ४० जीबी मोकळी ठेवतो. सीकॅशची (आधी कंपाइल केलेलं साठवून ठेवणाऱ्या हत्याराची) ठरलेली ५ जीबी मर्यादा इतक्या मोठ्या सोर्सला अपुरी पडते, ती २० करतो.

जून लागला की वीज कधी जाईल याचा नेम नसतो. एसबिल्ड मध्येच तुटलं की पहिल्यापासून. म्हणून पॅचची जुळवाजुळव साध्या सोर्स-झाडात करतो, जिथे मेक अर्ध्यावरून पुढे जातं, आणि एसबिल्ड शेवटी, बॅटरी भरलेली असताना. पण साध्या झाडातही एक फास आहे. वीज गेली त्या क्षणी लिहिल्या जाणाऱ्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) शून्य बाइटच्या राहू शकतात. वेळेचा शिक्का ताजा असल्याने मेकला त्या पूर्ण वाटतात. पुढे लिंकर म्हणतो, फाइल ओळखता येत नाही. ‘फाइंड’ने शून्य आकाराच्या ‘.ओ’ फाइली शोधून काढून टाकायच्या, पण फक्त ‘सीएक्सएक्सऑब्जेक्ट’ आणि ‘सीऑब्जेक्ट’ या फोल्डरांतल्या. ‘वर्कडिर’मधल्या इतर कित्येक रिकाम्या फाइली नुसत्या खुणेसाठी असतात. त्या उडवल्या तर निम्मं बिल्ड नव्याने होतं.

चाचण्यांत फॉन्टही डिपेंडन्सीच आहे, हे कुणी आधी सांगत नाही. पानाची मांडणी तपासणाऱ्या चाचण्या ठराविक फॉन्ट गृहीत धरतात. कोऱ्या सिस्टिममध्ये ते नसले की ओळ दुसरीकडे तुटते आणि कोड बरोबर असूनही चाचणी पडते. चाचण्या गाळायच्या असतील तर ‘नोचेक’ दोन ठिकाणी द्यावं लागतं. बिल्ड-ऑप्शन्समध्ये दिलं की चाचण्या चालत नाहीत, पण त्यांच्या डिपेंडन्सी तरीही मागितल्या जातात. बिल्ड-प्रोफाइल्समध्ये दिलं की त्याही गळतात. १३ साठीचं शेवटचं पॅकेज मी चाचण्यांसकटच काढलं. वाचनालयात ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ वेगळं बसवलं, कारण ‘रेकमेंड्स’ (पॅकेजने सुचवलेली जोडीची पॅकेजं) वगळून बसवलेल्या यंत्रांवर फॉन्ट आपोआप येतीलच असं नाही.

१२ साठी १२ च्याच टारबॉलमध्ये बिल्ड करायचं, १३ साठी १३ च्या. १२ मधलं डेब ‘लिबआयसीयू७२’ मागतं, १३ मध्ये ते पॅकेजच नाही. मात्र नुसत्या भाषेचं पॅकेज सगळ्या आर्किटेक्चरांना चालणारं असतं, त्यात कंपाइल केलेला कोड नसल्याने आयसीयूचा प्रश्न तिथे येत नाही.

राहता राहिला आवृत्तीचा क्रमांक. समजा डेबियनची आवृत्ती ‘-२’वर संपते. तिच्यापुढे मी ‘+गोवा१’ असं रोमन अक्षरांत जोडलं होतं. सुरक्षा अपडेट ‘+डेब१३यू१’ अशा शेपटाने येतं, आणि डीपीकेजी अक्षरांची तुलना वर्णक्रमाने करतं. रोमन जी अक्षर डीच्या पुढचं, म्हणून माझं पॅकेज ‘नवीन’ ठरतं आणि सुरक्षा अपडेट कधीच बसत नाही, कसलीही सूचना न देता. ‘~’ जोडला तर उलटं होतं: माझं पॅकेज मूळ ‘-२’पेक्षाही जुनं ठरतं आणि पुढच्या अपग्रेडला उडतं. हवं ते दोघांच्या मधलं. ‘+०गोवा१’ लिहिलं की जमतं, कारण अधिकच्या चिन्हानंतर लगेच अंक आला की तो भाग अक्षर आलेल्या भागाआधी लागतो. ‘डीपीकेजी’ला ‘कंपेअर-व्हर्जन्स’ देऊन दोन्ही बाजू तपासल्या, मगच डेब वाचनालयाच्या संग्रहात टाकली. आता सुरक्षा अपडेट आलं की ते माझ्या पॅकेजवर बसतं, आमचे दोन बदल तेवढ्यापुरते जातात, आणि त्याच रात्री नव्या सोर्सवर पॅच लावून एसबिल्ड सुरू करतो.