आमची वाटचाल : दहावा माणूस

भोसरी एमआयडीसीत 1996 साली पहिला गाळा भाड्याने घेतला, तेव्हा आमच्याकडे दोन जुनी लेथ, एक ड्रिल आणि दोन कामगार होते. हे मशीनवर, मी कोपऱ्यातल्या टेबलावर. चलनं मी लिहायची, हजेरी मी मांडायची, गुरुवारी सुट्टी असली की त्याच टेबलावर बसून महिन्याचा हिशेब जुळवायची. कामगार तेव्हापासून मला वहिनी म्हणतात. आमची वाटचाल सांगायची तर ती मला त्या हजेरीच्या वहीवरूनच सांगता येईल.

1999 मध्ये दोन पॉवर प्रेस घेतल्या, पत्रा दाबून कापणारी, वाकवणारी यंत्रं. वाहनांच्या सुट्या भागांचं काम मिळू लागलं, वॉशर, क्लॅम्प, ब्रॅकेट. माणसं वाढत गेली. नऊ झाली तेव्हा आमची कागदपत्रं बघणारे कन्सल्टंट म्हणाले, "वहिनी, दहावा माणूस मस्टरवर घेऊ नका." विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार झाले की 1948 चा कारखाना कायदा लागू, आणि ईएसआयचाही, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचाही, आकडा तोच. आमच्या गल्लीत बरेच जण तसंच करत. कोणी एकाच छपराखाली दोन पाट्या लावल्या होत्या, एक स्वतःच्या नावाची, एक बायकोच्या. आम्ही पाटी एकच ठेवली, पण कामावर तेरा जण आणि मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नऊ. उरलेल्या चौघांचा पगार व्हाउचरवर. तेव्हा ते माझ्या मनाला लागलं नाही. लागायला हवं होतं.

2004 च्या पावसाळ्यात दुसऱ्या पाळीला लातूरकडच्या एका एकोणीस वर्षांच्या पोराची दोन बोटं प्रेसखाली गेली. प्रेस पायडलवर चालणारी. पत्रा सरळ करायला हात आत घातला आणि पाय आधी पडला. तो त्या चौघांपैकी. नाव मस्टरवर असतं तर मोहननगरच्या ईएसआय हॉस्पिटलात उपचार झाले असते, घरी बसला त्या दिवसांचे पैसे मिळाले असते, कायमच्या अपंगत्वाचं पेन्शन जन्मभर चालू राहिलं असतं. आम्ही दवाखान्याचं बिल भरलं, वर काही रक्कम दिली. जन्मभर पुरेल असं आमच्याकडे काही नव्हतं. त्याची आई गावाहून आली होती. तिने एवढंच विचारलं, "याचं नाव कुठं लिवलंय का, बाई?" वही माझ्यासमोर उघडी होती.

पुढच्याच महिन्यात सगळी नावं चढवली. कारखान्याचं लायसन्स काढलं, ईएसआय घेतलं. प्रेसना दोन हातांनी एकदम दाबायची बटणं बसवली. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. वीसच्या वर गेलो तसा पीएफही सुरू झाला. आज आम्ही 26 जण आहोत.

नावं चढवल्यावर वह्यांचा डोंगर मात्र अंगावर आला. मस्टर, पगारपत्रक, ओव्हरटाइमची वही, रजेची, उचलीची, अपघाताची, दंडाची. दंड आम्ही कधी केलाच नाही, तरी दर महिन्याला तिथे 'निरंक' लिहायचं. त्याहून मोठा घोळ 'वेतन' या शब्दाचा. नुकसानभरपाईचा कायदा 1923 चा, वेतन देण्याचा 1936 चा, पीएफचा 1952 चा, बोनसचा 1965 चा, नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचा 1972 चा. ज्या काळात जी गरज पडली तसा तो कायदा झाला आणि प्रत्येकाने वेतनाची व्याख्या आपापली केली. एकाच माणसाचा एकाच महिन्याचा पगार मी पीएफला एक, बोनसला दुसरा, ग्रॅच्युइटीला तिसरा धरत आले. यात कामगाराच्या हातात काय पडतं, हे त्याला शेवटपर्यंत कळायचं नाही.

21 नोव्हेंबर 2025 ला केंद्राचे असे 29 कायदे गेले आणि चार श्रमसंहिता लागू झाल्या. बहुतेक केंद्रीय कामगार संघटनांनी विरोध केला. गल्लीतल्या मालकांना आनंद झाला. मला दोन्ही बाजूंचं काही पटतं, काही पटत नाही.

नियुक्तिपत्र प्रत्येकाला द्यायचं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. वेतनाची व्याख्या आता एक आहे. ठरावीक भत्ते मिळून एकूण पगाराच्या 50 टक्क्यांवर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. आमच्या जुन्या ऑपरेटरांचं मूळ वेतन 40 टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे ग्रॅच्युइटीचा बोजा वाढला. तो वाढायलाच हवा होता, भत्ते फुगवून आम्हीच तो इतकी वर्षं कमी ठेवला होता. मुदतीच्या करारावरच्या माणसालाही आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. वर्षात 240 दिवस भरले की सलग नोकरी धरली जाते, ते भरू नयेत म्हणून आमच्याकडे सात महिन्यांनी ब्रेक द्यायची रीत आहे. त्या रीतीत कितीतरी पोरांची उमेदीची वर्षं गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पटत नाही ती रेषा. कारखाना कुठल्या जागेला म्हणायचं, तो विजेवरचा दहाचा आकडा आता 20 झाला. महाराष्ट्रात हा बदल आधीच झाला होता, आता तो देशभर आहे. ईएसआय दहावरच राहिलं, धोक्याच्या कामाला तर एका कामगारालाही ते लावायची सोय केली आहे, हे चांगलं. पण प्रेसला माणसं मोजता येत नाहीत. दहा जणांत जी बोटं तुटतात तीच एकोणीस जणांतही तुटतात. आता कोणीतरी कुणा वहिनीला विसावा माणूस घेऊ नका म्हणून सांगत असेल.

कामगार कपातीला आणि कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागते तो आकडा 1976 साली 300 कामगारांचा होता, मग 100 वर आला, आता पुन्हा 300. आमच्याएवढ्या जागेला तो लागत नाही.

अडचण येते ती दोन दिवसांच्या हिशेबाची. राजीनामा दिलेल्या माणसालाही आता कामाच्या दोन दिवसांत सगळा पगार चुकता करायचा. न्याय्य आहे. पण आमच्यासारख्या लहान उद्योगांचं बिल गिऱ्हाइकाने 45 दिवसांत द्यावं असा कायदा 2006 पासून असून पैसे नव्वद दिवसांनी येतात. म्हणून जानेवारीपासून एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवतो. हे आधी नाराज होते. मग त्यांनीच बँकेत जाऊन खातं उघडलं.

डिसेंबरमध्ये 26 नियुक्तिपत्रं दिली, मराठीत, बिहारच्या चार पोरांना हिंदीत. सतरा वर्षं आमच्याकडे असलेल्या ऑपरेटरने ते पत्र दोनदा वाचलं, आणि घराच्या कर्जाला हे चालेल का म्हणून विचारलं. इतक्या वर्षांत त्याला हे विचारावं लागू नये, एवढं मी करायला हवं होतं.

झाडलोट करायला येणाऱ्या मावशी ठेकेदाराकडच्या. त्याच्याकडे बारा जणी आहेत, एकीलाही पत्र नाही. कंत्राटी कामगारांची कलमं आता 50 कामगारांपासून लागू होतात, म्हणून तो निवांत आहे. नियुक्तिपत्राला ती सबब चालणार नाही, हे मी त्याला सांगितलं आहे. येत्या शुक्रवारी तो मावशींचं पत्र घेऊन येणार आहे. नाही आला तर मावशींचं नाव मी आमच्या मस्टरवर लिहिणार आहे.