नुसता आकडा बदलायचाय

"ताई, नुसता आकडा बदलायचाय. पाच मिनिटांचं काम."

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस कऱ्हाडातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात हे वाक्य रोज कानावर पडतं. परवा एका मंडळाचा कार्यकर्ता आला. गेल्या वर्षीचाच फ्लेक्स, दहा बाय आठ, फक्त 'वर्ष ४७ वे'चं '४८ वे' करायचं. मी ऐटीत कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरची फाईल, म्हणजे सीडीआर उघडली, सातावर क्लिक केलं, आणि निवडलेली वस्तू दाखवणारे हँडल आले ते थेट फ्लेक्सच्या चार कोपऱ्यांना. अख्खी फाईल म्हणजे एकच चित्र. गेल्या वर्षी रात्री साडेबाराला सगळं सिलेक्ट करून, बिटमॅप मारून, त्याच फाईलवर कंट्रोल एस दाबून मीच मोकळी झाले होते.

कोरलमध्ये सात हा सात असतो. त्याच्या रेघा, वळणं, सोनेरी कड, सगळं वेगळं धरता येतं. बिटमॅप केलं की उरतात ठिपके. दहा फूट म्हणजे १२० इंच. ७२ डीपीआयने, म्हणजे इंचाला ७२ ठिपके धरून, ८६४० ठिपके रुंदीला, ६९१२ उंचीला. जवळपास ६ कोटी. त्यातला कुठला साताचा आणि कुठला मागच्या भगव्याचा, फाईलला काही पत्ता नाही.

मग असं बिटमॅप मारून सपाट करतोच कशाला? फक्त फॉन्टचा प्रश्न असेल तर कर्व्ह मारले, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेघा-वळणं करून टाकली, की भागतं. श्री-लिपीतलं मॅटर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडलं की 'श्री गणेश' जाऊन इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. कर्व्ह केल्यावर ती भीती नाही. पण सावल्या आणि ट्रान्सपरन्सी दगा देतात. एकदा एका आमदारांच्या डोक्यामागच्या सावलीचा छापून पांढरा चौकोन झाला होता. तेव्हापासून फ्लेक्सला जाणारं सगळं मी सपाट करूनच पाठवते. ७२ पुरतं, लोक रस्त्यावरून बघतात. नवी पोरं हौसेने ३०० टाकतात. ठिपके १०० कोटींच्या वर, सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, कॉम्प्रेशनशिवाय चार जीबीची फाईल, आणि मग मशीन हँग झालं म्हणून फोन.

लग्नपत्रिकेला मात्र हीच सवय अंगाशी आली. एकदा अख्खी पत्रिका ३०० ला फ्लॅट करून ऑफसेटला दिली. मोठी अक्षरं ठीक होती. खाली बारीक टायपात 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' होतं, त्याला मात्र लव फुटल्यासारखी दिसत होती. भिंगाखाली धरलं तेव्हा कळलं. अँटी-अलायझिंगने, म्हणजे कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून सॉफ्टवेअरने, कडेला करडे ठिपके भरले होते आणि छपाईत त्या करड्याची जाळी झाली होती. त्यात काळा रंग नुसता काळा न राहता चार रंगांचा झालेला. रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, केसभर हललं आणि मावशीला लाल सावली आली. कर्व्ह दिले असते तर तीच अक्षरं प्लेटवर २४०० डीपीआयने निघाली असती. पत्रिका पुन्हा छापल्या, माझ्या खर्चाने.

तर तो सात. मागे भगव्यातून पिवळ्यात उतरणारी छटा, वर सोनेरी कड, खाली सावली. शेजारचा तुकडा उचलून चिकटवला तर ठिगळ दिसे. क्लोन करत बसले तर धूर सुटल्यासारखा डाग उरे. तासाभराने नाद सोडला. आकड्याच्या जागी झेंडूच्या तोरणाचा गोल आणून ठेवला आणि त्यात नवा '४८'. या वेळी सपाट केली ती कॉपी. मूळ फाईल 'हात लावू नये' नावाच्या फोल्डरात टाकली.

कार्यकर्त्याने मान तिरकी करून बघितलं. "हे गेल्या वर्षीपेक्षा भारी झालंय की ओ!" पैसे पाच मिनिटांचेच दिले. जाताना दारातून म्हणाला, "ताई, व्हॉट्सॲपला जेपीजी टाका. पुढच्या वर्षी तीच घेऊन येतो, म्हणजे तुम्हाला एवढा त्रास नको."